पेन्सिलीच्या रेघेची बाहेरची कड

माणूस गेल्याचं मला नंतर कळलं. आधी मी अक्षरं पाहिली. नोव्हेंबरातली सकाळ, साडेआठ वाजले असतील, पाव आणि दूध घेऊन मी परतत होते. आमच्या कोपऱ्यावर औषधांच्या दुकानाशेजारी एक भिंत आहे. या भागात कोणी वारलं की काळ्या चौकटीचं पत्रक तिथे चिकटवतात. नवं पत्रक लागलं होतं, खळ अजून ओली होती. मी थांबले आणि मनात म्हटलं, वा, काय सुरेख उतरलंय. 'एन'च्या दोन्ही उभ्या केसाएवढ्या रेघा कुठेही न तुटता खालपर्यंत पोचल्या होत्या. 'ओ' दोन्ही कुशींना भरदार, आणि डोक्यावर नि तळाशी बारीक होत होत आता नाहीसा होतो की काय असं वाटेपर्यंत निमुळता, आणि तरी नाहीसा न झालेला. शिशात ओतलेल्या अक्षरांचे खिळे होते, शंकाच नको. आजकाल सगळे फिल्मवरून छापतात, त्यात कागदाला खिळ्याचा दाब बसत नाही. तोरिनोतल्या कुठल्या छापखान्याने आमचे खिळे अजून जपून ठेवलेत, शाई एवढ्या बेताने कोणी लावली, असा सगळा विचार करून झाला, मान तिरकी करून झाली, एक पाऊल मागे सरून झालं, आणि मग कुठे त्या अक्षरांतून नाव वर आलं. आमेदेओ रोस्तान्यो. वय चौऱ्याहत्तर. मागे पत्नी क्लेलिया. उद्या संध्याकाळी पाच वाजता राहत्या घरी जपमाळेची प्रार्थना.

दुधाची बाटली मी या हातातून त्या हातात घेतली. दुःख झालं का, तर ते नंतर झालं. पहिली आली ती लाज. अठ्ठावीस वर्षं ज्यांच्या शेजारच्या टेबलाशी काढली, त्यांच्या मरणाचं पत्रक मी प्रूफ तपासावं तसं तपासलं होतं. आणि त्या लाजेच्याही खाली आणखी काहीतरी होतं, जुन्या दुखऱ्या दाढेसारखं, ज्याच्यावर मी बावीस वर्षं जीभ फिरू दिली नव्हती. औषधांच्या दुकानातली पिएरिना दारात उभी राहून बघत होती.

"काय हो सिन्योरिना, ओळखीचे होते का?"

"साहेब होते माझे."

"मग एवढं वाचताय काय? चार ओळी तर आहेत. छातीवर क्रूस तरी करा."

मी क्रूस केला. कपाळाला उजव्या अंगठ्याचं नख लागलं. ते नख मी अजून वाढवते, बाकीची नऊ बारीक कापलेली असतात. लोकांना वाटतं ही बाई गिटार वाजवत असेल, किंवा डोक्याने जरा हललेली असेल. टाइप ओतायच्या कारखान्यात आमच्या खात्यातल्या प्रत्येकाचं एक नख वाढवलेलं असायचं. छापायच्या आकारात अक्षर इतकं लहान होतं की डोळा फसतो. पण खिळ्याच्या तोंडावरून नख ओढलं की रेघ कुठे सुरू होते, किती रुंद आहे, कड सरळ आहे की चावलेली, सगळं कळतं. नवीन माणूस आला की म्हातारे कारागीर म्हणायचे, तीन महिने थांब, आधी नख येऊ दे, मग अक्कल येईल. माएस्त्रोंचं नख आम्हा सगळ्यांत लांब होतं, पिवळसर, किंचित बाकदार. रोस्तान्योंना आम्ही सगळे माएस्त्रोच म्हणायचो. कॅन्टीनमध्ये ते त्याच नखाने संत्र सोलायचे, आणि मी नजर दुसरीकडे वळवायची, कारण ज्या हत्याराने अक्षर तपासायचं त्याने संत्र सोलणं मला बरं वाटायचं नाही. मी तेव्हापासूनच अशी आहे, उगाच कोणी वयाला दोष देऊ नये.

घरी आले, दूध ठेवलं, कोट न काढता खुर्चीवर बसले. समोरच्या गच्चीवर कोणाची तरी चादर धुक्यात वाळत होती, म्हणजे वाळत नव्हती. मला कारखान्यातली आमची उत्तरेची खिडकी आठवली. माएस्त्रो पेन्सिलीने अक्षर काढायचे, वीतभर उंच, जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर. मग त्यावर पारदर्शक कागद ठेवून मी तेच अक्षर शाईने गिरवायची. माझ्या कागदावरून पितळेचा साचा कापत, आणि साच्यावरून पुढे लहान होत होत शिशाचा खिळा. म्हणजे त्यांची पेन्सिल आणि जग यांच्यामध्ये माझा एक हात होता. आता बाहेरच्या माणसाला वाटतं, गिरवण्यात काय मोठंसं? पण पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते. अक्षराच्या प्रत्येक अंगाच्या दोन कडा पेन्सिलीने काढलेल्या असतात, आणि शाईने गिरवताना त्या पेन्सिलीच्या रेघेची आतली कड धरायची की बाहेरची, हा प्रश्न येतोच. आमच्या खात्याचा नियम होता, आतली कड. कायम आतली. माएस्त्रो म्हणायचे, शाईला सैल सोडलं की ती पसरून घर बांधते. जाड दांड्याला याने काहीच फरक पडत नाही. पण जी रेघ मुळातच केसाएवढी, तिच्या दोन्ही अंगांना आत धरलं की ती आणखी बारीक होते, आणि बाहेर धरलं की पाचव्या हिश्शाने रुंद. एवढ्याशा जागेत माणसाला किती मोठा गुन्हा करता येतो, हे आमच्या धंद्याबाहेर कोणाला समजायचं नाही.

सत्तावन्न साली ते आपला टाइप काढत होते. आयुष्यभर इतरांच्या फर्माइशी पुऱ्या केल्या, हा पहिला स्वतःचा. पार्मा शहरातल्या जुन्या छपाईच्या थाटाचा, जाड आणि बारीक यांची टोकाची ओढ असलेला, पण अंगाने जरा मोकळा, चालताना हात हलवणाऱ्या बाईसारखा. त्याला नाव दिलं बायकोचं, क्लेलिया. कारखान्यात यावरून थट्टा व्हायची. साचेवाला ओरेस्ते म्हणायचा, बारीक रेघा बायकोच्या, जाड दांडे सासूचे. माएस्त्रो हसायचे आणि रेघ आणखी बारीक करायचे. मी त्यांना सांगितलं होतं. तोंडावर सांगितलं होतं, मागून नव्हे, निदान तेव्हा तरी.

"माएस्त्रो, ही रेघ छापखान्यात टिकायची नाही."

"छापखान्याने टिकवायला शिकावं."

"ते शिकणार नाहीत. ते दुसऱ्या कारखान्याचे खिळे घेतील."

"सिन्योरिना डेल्फिना, चांगला काचेचा पेला फुटतो म्हणून तुम्ही घरी आलेल्यांना पत्र्याच्या डब्यातून वाइन देता का?"

"माझ्या घरी कोणी येत नाही."

ते खो खो हसले, आणि मीही हसले, आणि विषय तिथेच राहिला. महिनाभराने सहा अक्षरं ओतून एका छापखान्यात चाचणीला दिली. हजाराव्या कागदावर 'ए' एका पायावर उभा होता. डावी तिरपी बारीक रेघ तुटून गेली होती, उरला होता फक्त उजवा जाड पाय, लढाईवरून परतलेल्या शिपायासारखा. वरच्या मजल्यावरचे साहेब खाली आले, कागद पाहिला आणि म्हणाले, आणखी एक चाचणी, बस. पुन्हा तुटलं तर क्लेलिया बंद. माएस्त्रोंनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्या दिवशी त्यांनी संत्र सोललं नाही, तसंच परत नेलं.

मग जानेवारीत त्यांच्या छातीत पाणी झालं. डोंगरातल्या इस्पितळात नऊ आठवडे ठेवलं होतं. जाण्याआधी ते सगळी अक्षरं पेन्सिलीने पुरी करून, फोल्डरला फीत बांधून माझ्या टेबलावर ठेवून गेले. दर आठवड्याला त्यांचं एक पोस्टकार्ड यायचं, बर्फाच्या चित्राचं, मागे दोन ओळी. इथलं सूप म्हणजे बादलीतलं पाणी. आणि खाली, आतल्या कडेने, सिन्योरिना. नऊ कार्डांवर नऊ वेळा. मी पहिला दिवस नुसती बसले. दुसऱ्या दिवशी 'ए'वर कागद ठेवला, जाड पाय आतल्या कडेने गिरवला, नियमाप्रमाणे, आणि मग डाव्या बारीक रेघेशी आले. पेन शाईत बुडवलं होतं. मला तो एका पायाचा 'ए' दिसत होता. माझा श्वास मी धरला, तसा तो गिरवताना नेहमीच धरायचा असतो, आणि हात बाहेरच्या कडेवरून गेला. हात गेला म्हणते, पण हात असा आपोआप जात नसतो. मी नेला. एकदा 'ए'ची रेघ तशी ओढल्यावर 'एम'ची, 'एन'ची, 'यू'ची वेगळी कशी ठेवणार? नऊ आठवड्यांत मी सगळा टाइप बाहेरच्या कडेने गिरवला, फक्त बारीक रेघा, आणि प्रत्येक रेघेला स्वतःला सांगितलं की मी त्यांच्या पेन्सिलीच्या बाहेर कुठे गेलेय? त्यांच्याच रेघेवर तर आहे. हे खरं होतं. त्या खरेपणाने माझी झोप उडवली असती, तर बरं झालं असतं. पण मला झोप उत्तम लागायची.

ते परतले तेव्हा अंगावरचा कोट दुसऱ्याचा वाटत होता. पहिले खिळे त्याच आठवड्यात ओतून आले होते. सगळं खातं उभं राहून बघत होतं. माएस्त्रोंनी ट्रेमधून 'ए' उचलला, उजेडाकडे धरला नाही, डोळ्याजवळ नेला नाही, फक्त अंगठ्याचं नख त्याच्या तोंडावरून ओढलं. एकदा. मग पुन्हा एकदा, उलट बाजूने. मग खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात काहीच नव्हतं, शिशाच्या विटा रचून ठेवलेल्या आणि एक सायकल. "हं," ते म्हणाले, "झालंय चांगलं." खिळा ट्रेमध्ये ठेवला, टोपी घेतली आणि मला म्हणाले, "कॉफी घेणार, सिन्योरिना?"

दहा वर्षांत त्यांनी मला कधी कॉफी विचारली नव्हती. मी विचारलं, "आज काय विशेष?" ते दाराकडे चालायला लागले. समोरच्या बारमध्ये आम्ही काउंटरशी उभे राहिलो, त्यांनी न विचारता माझ्या कपात दोन चमचे साखर घातली. मी बिनसाखरेची पिते. मी ती तशीच प्यायले. ते इस्पितळातल्या एका पाद्र्याची गोष्ट सांगत होते, जो पत्त्यांत लबाडी करायचा. मी ऐकत होते आणि मनात एकच चाललं होतं, यांना कळलं का? नखाला कळलं असेल का? नऊ आठवडे आजारी होते, नख इस्पितळात कापलं असेल, नवीन आलेलं कोवळं असेल. का कळलं आणि आता सांगतील? आता सांगतील, आता सांगतील असं करत कप रिकामे झाले.

क्लेलिया टिकली. लाखभर कागदांवर टिकली. लग्नाच्या पत्रिका, ऑपेराचे कार्यक्रम, अत्तराच्या आणि व्हर्मुथ दारूच्या बाटल्या, ख्रिसमसच्या चॉकलेटचे डबे, आणि अर्थात भिंतीवरची काळ्या चौकटीची पत्रकं. लग्नालाही तीच, मरणालाही तीच. दोन वर्षांनी मिलानोत त्यांचा सत्कार झाला. मखमली खुर्च्या होत्या. ते म्हणाले, "लोक सांगायचे, एवढी बारीक रेघ उभी राहत नाही. बघा, उभी आहे." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आणि प्रत्येक टाळीला ते नख माझ्याच तळहाताला टोचत होतं. त्यांना ठाऊक नसेल, तर मी त्या माणसाला भरसभेत खोटं बोलायला लावलं होतं. ठाऊक असेल तर काय, हे मला सुचतच नव्हतं. पण त्यानंतर त्यांनी दुसरा टाइप काढला नाही. इतरांचे दुरुस्त केले, आकडे काढले, खुणा काढल्या. स्वतःचा म्हणून एकही नाही. कारखाना बंद होईपर्यंत सोळा वर्षं मी त्यांच्या टेबलावर नवा पांढरा पुठ्ठा दिसतो का, हे रोज सकाळी बघायची. दिसला नाही. मला वाटायचं, माझ्या त्या बाहेरच्या कडेने त्यांचा हातच आखडला. त्यांना कळलं आणि ते तुटले. विचारायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षं शेजारी बसून एक वाक्य विचारता येत नाही, असं कसं, हे मला विचारू नका. शेजारी बसल्यामुळेच येत नाही.

दुसऱ्या दिवशी पाचला मी गेले. बायका जपमाळ म्हणत होत्या, एकसुरी, मध्येच कोणी खोकत होतं. आतल्या खोलीत त्यांना ठेवलं होतं, निळ्या सुटात, बोटांना जपमाळ गुंडाळलेली. मी चेहऱ्याकडे पाहायचं ठरवून गेले होते, पण नजर हातावर गेली. नख कापलेलं होतं. उजवा अंगठा बाकीच्या नऊ बोटांसारखा झाला होता, कोणाचाही असावा तसा. तेव्हा मला दुःख झालं. भिंतीपाशी व्हायला हवं होतं ते सगळं तिथे झालं, आणि मला टेकायला खुर्ची सापडेना.

"मी कापलं," क्लेलिया शेजारी येऊन म्हणाली. सत्तरीची बाई, पाय सुजलेले, आवाज मात्र बाजारात उभी असल्यासारखा. "चाळीस वर्षं सांगत होते, कापा ते नख, चादरी फाटतात. आज ऐकलं." मग तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

स्वयंपाकघरात तिने मला बसवलं. फळीवर जर्दाळूच्या मुरांब्याच्या बरण्या होत्या, प्रत्येकीवर लेबल, वर्ष आणि फळाचं नाव, त्यांच्या अक्षरात. मी उठून जवळ गेले. तीच वळणं, जाड आणि बारीक. किती बारीक, हे पाहायला मी चष्मा वर केला, पण मुरांबा ओघळून शाई पसरली होती, काही कळत नव्हतं.

"माझ्या नावाचा टाइप," क्लेलिया म्हणाली, "तेव्हा माझी कंबर तशी होती हो. आता दांडा झालाय नुसता."

"सिन्योरा, त्यांनी नंतर काढणं का सोडलं?"

"सोडलं कुठे? हे काय, दर जुलैत माझ्या बरण्या लिहायचे. मी म्हणायचे, दुसरा काढा, जगात आणखी बायका आहेत. म्हणायचे, एक टिकलाय ना, मग आता घाई कशाला." तिने टेबलावरचं खरकटं पुसल्यासारखं केलं, टेबल स्वच्छच होतं. "तुमच्याबद्दल म्हणायचे, डेल्फिनाचा हात माझ्याहून शहाणा आहे."

शहाणा. हा शब्द मी घरी नेला आणि दोन आठवडे उलटसुलट करून पाहिला. कौतुकाने म्हणाले, की ज्या अर्थाने आई म्हणते, फार शहाणी झालीस, त्या अर्थाने? क्लेलियाला मी त्याच वेळी सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं होतं. पण तिने माझ्यासमोर फीत बांधलेलं ते जुनं फोल्डर ठेवलं, त्यांच्या पेन्सिलीच्या पुठ्ठ्यांचं. कारखाना बंद झाला तेव्हा माझे शाईचे कागद रद्दीत गेले; पुठ्ठे ते घरी घेऊन आले होते. म्हणाली, कबरेच्या दगडावर नाव त्यांच्याच अक्षरात हवं. छापलेल्यावरून नको, मूळ चित्रावरून. जशी त्यांनी काढली अगदी तशी. "तुम्हीच गिरवा. दुसरं कोणी करायला गेलं तर काहीतरी आपलं घुसडेल. मेलेला माणूस तक्रार करत नाही म्हणून काहीही करायचं नाही." मी फोल्डर छातीशी धरून ट्राममधून घरी आले, आणि सांगायचं राहून गेलं.

तर मी ते आतल्या कडेने गिरवलं. आमेदेओ, मग रोस्तान्यो. पुठ्ठे पिवळे पडले होते, पेन्सिल मात्र कालची वाटत होती. माझा हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, एकेका रेघेला तीन तीन कागद वाया गेले. 'ए'ची डावी तिरपी रेघ गिरवताना श्वास धरला आणि पेन आत ठेवलं, आत, आत, खालपर्यंत, आणि शेवटाला पोचल्यावर घाम आला होता. बावीस वर्षांपूर्वी जे करायचं ते आज केलं. त्यांना त्यांची रेघ परत दिली. कोणाला कळणार नव्हतं. पण तेव्हा तरी कोणाला कळलं होतं? असं वाटलं की आता ती दाढ दुखायची थांबेल. ती थांबली नाही, पण काम सुंदर झालं होतं, माझं मलाच बघत राहावंसं वाटलं.

दगड कोरणाऱ्याचं नाव सेकोन्दो. दफनभूमीच्या फाटकासमोर त्याची शेड आहे, बापाच्या वेळेपासून. पन्नाशीचा माणूस, भुवयांत कायम पांढरी भुकटी. त्याने माझा कागद संगमरवराच्या लादीवर पसरला, कमरेवर हात ठेवले आणि एकेका अक्षरावरून नजर फिरवली.

"सुरेख आहे," शेवटी म्हणाला. "राहणार नाही."

"म्हणजे?"

"ही, ही आणि ही." त्याने बोटाने तीन बारीक रेघा दाखवल्या. "एवढी बारीक चीर खोल जात नाही. वरवर ओरखडा राहील. दोन हिवाळे पाणी बसेल, गोठेल, कड झडेल. तिसऱ्या वर्षी तुमचा 'एन' नुसता तिरका दांडा उरेल. लोक म्हणतील सेकोन्दोला कोरता येत नाही."

"लोकांचं सोडा. कागदावर आहे तसं कोरा."

"सिन्योरिना, थोडीशीच रुंद करतो. केसभर. तुम्हालाही दिसणार नाही."

मला एकदम उकडायला लागलं. शेडमध्ये तर शेगडीही नव्हती. मी म्हटलं, आणि माझा आवाज मला ओळखू आला नाही, "केसभरसुद्धा नाही. ज्यांचं नाव आहे त्यांना ती एवढीच हवी होती. टिकली नाही तर नाही टिकली. ते त्यांचं त्यांना माहीत होतं."

"त्यांना माहीत होतं, पण ते आता इथे उन्हापावसात उभे राहणार नाहीत, दगड राहणार आहे." मग त्याने खांदे उडवले. "बरं. तुम्ही कागदवाले. तुमचंच खरं."

फेब्रुवारीत त्याचा निरोप आला, दगड बसवलाय, येऊन पाहून जा. क्लेलियाचे गुडघे बर्फात चालण्यासारखे नव्हते, म्हणून मी एकटीच गेले. बर्फ जुनं होतं, कडेला काळवंडलेलं. सेकोन्दो फाटकापासून माझ्याबरोबर आला, पुढे न चालता मागे मागे. त्यांची जागा भिंतीजवळ आहे, दगडावर चिनीमातीच्या लंबगोलात फोटो बसवलाय, सत्काराच्या वेळचा, केस चापून बसवलेले. आणि खाली नाव. लांबूनच मला बरं वाटलं. धुरकट उजेडात अक्षरं अशी उभी होती की कोणीतरी नुकतंच हाक मारून बोलावलंय. भिंतीवरच्या पत्रकाला केलं तसं मी आज करायचं नाही असं ठरवलं होतं. आधी माणूस, मग अक्षर. मी क्रूस केला, प्रार्थना म्हटली, पुरती म्हटली. मग हातमोजा काढला.

'ए'ची डावी रेघ. नख कडेला नुसतं अडकायला हवं होतं, आत जायला नको होतं. मी गिरवलेल्या रेघेत नख मावत नाही. ते आत गेलं. मांसापर्यंत आत गेलं आणि थंड दगडात आरामात वरपासून खालपर्यंत सरकलं. मी ते उलट बाजूने पुन्हा ओढलं. मग 'एम', मग 'एन'च्या दोन्ही. सगळीकडे तसंच. केसभर. दोन पावलांवर सेकोन्दो टोपी हातात घेऊन उभा होता आणि कोणा अनोळखी माणसाच्या कबरेवरचं नाव मोठ्या लक्षाने वाचत होता. त्याचे कान लाल झाले होते, थंडीनेही होतात.

राग आला. खोटं कशाला बोलू? असा आला की नख दगडात मोडेल असं वाटलं. माझ्या पाठीमागे, मी इतकं बजावून सांगितलेलं असताना, या भुकटीच्या भुवयांच्या माणसाने हात घातला होता. बोलायचे शब्द ओठांवर आले होते. आणि नख मात्र अजून त्या रेघेत होतं. ती रेघ स्वच्छ होती. दोन्ही कडा धारदार, तळ सरळ, किती वेळ लागला असेल त्याला, एकही कपची उडू न देता. ती टिकणार होती. पन्नास हिवाळे टिकणार होती. आणि त्या रागाच्या अगदी लगतच, मला लाज वाटावी इतकं, हायसं वाटलं. आपली माघार कोणीतरी आपल्याला न विचारता घेऊन टाकावी, तसं. ते दोन्ही एकाच नखाखाली होतं, आणि कुठलं आधी बोलावं हे ठरेना, म्हणून मी मान वळवून पलीकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. भिंत, पाण्याची झारी, उलटी ठेवलेली बादली.

कारखान्याच्या त्या अंगणात एक सायकल होती, मला आठवलं, आणि शिशाच्या विटा.

म्हणजे कळलं होतं त्यांना. नखाला कळतंच. पहिल्या ओढीतच कळलं होतं, दुसरी ओढ नुसती वेळ काढायला होती.

डोळे भरून आले ते मी हातमोजा घालण्याच्या निमित्ताने पुसले. मागे सेकोन्दोने घसा खाकरला. त्याने आपला जबाब तयार ठेवला असणार, दगडाबद्दल, हिवाळ्याबद्दल, आणि तो मला पाठ होता.

"हं," मी म्हणाले. "झालंय चांगलं."

तो टोपी हातात फिरवत राहिला.

"कॉफी घेणार, सेकोन्दो?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "कॉफी? आज काय विशेष?"

मी फाटकाकडे चालायला लागले. समोरच्या बारमध्ये दिवे लागले होते. थोड्या वेळाने मागून त्याचे बूट बर्फात वाजायला लागले.